तलावातलं जहाज

आमच्या गावातल्या पोहण्याच्या तलावात कित्येक वर्षं कुणी पोहलं नाही, कारण त्यात एक जहाज बुडवून ठेवलं होतं. ते बुडवून ठेवणारी बाई माझी बायको. आणि त्याच तलावावर पोरांना पोहायला शिकवायची ती माझी सख्खी धाकटी बहीण. इकडे आड तिकडे विहीर असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत दोन्हीकडे एकच तलाव होता.

मी चष्म्याचं दुकान चालवतो. जहाजातलं मला पूर्वी काही कळत नव्हतं आणि अजूनही बोटीत बसलं की पोटात ढवळतं. पण बायकोचं आयुष्य त्या जहाजाभोवती गेलं, तेव्हा थोडंफार माझ्याही अंगाला लागलं.

जहाज काही शतकांपूर्वीचं, मालवाहू. कौलं आणि मातीची भांडी घेऊन बंदरात शिरताना ते बुडालं आणि गाळात रुतून बसलं. पुढे बंदर रुंद करायचं ठरलं, गाळ काढणाऱ्या यंत्राच्या तोंडात काळ्या लाकडी बरगड्या आल्या, आणि सगळं काम थांबलं. थांबलं म्हणजे सरांनी थांबवलं. सर तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख होते. अधिकाऱ्यांशी भांडून त्यांनी मुदत मिळवली आणि एकेक तुकडा करून जहाज वर काढलं. माझी बायको त्यांची विद्यार्थिनी. कमरेइतक्या चिखलात उभी राहून ती त्यांच्याबरोबर काम करायची. आमचं लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि मी तिला भेटायला धक्क्यावर जायचो तर तिला आधी ओळखायलाच वेळ लागायचा.

भांडी, चमचे, एक कातडी बूट, नक्षीचा एक मोठा तुकडा, हे सगळं नीट करून संग्रहालयात मांडलं गेलं. प्रश्न उरला जहाजाचा. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड दिसतं अखंड, पण आतून त्याचं सत्त्व गेलेलं असतं आणि त्या जागी नुसतं पाणी असतं. ते वाळू दिलं तर उन्हात ठेवलेल्या काकडीसारखं सुरकुततं, वाकतं, फुटतं. ते वाचवायचं तर आतलं पाणी काढून तिथे मेणासारखं रसायन भरावं लागतं, आणि त्याला मोठमोठ्या टाक्या आणि वर्षानुवर्षं लागतात. टाक्या येईपर्यंत लाकडं ओली ठेवायला गावचा बंदिस्त पोहण्याचा तलाव मागून घेतला. दोन वर्षांसाठी, असं तेव्हा ठरलं होतं.

टाक्या आल्या नाहीत. मंजुरी देणारे बदलले, त्यांच्या जागी आलेले बदलले, आणि जहाजाचं अक्षरशः भिजत घोंगडं झालं. सर निवृत्त झाले. तलाव आणि त्यातली लाकडं बायकोच्या गळ्यात आली.

तिचं रोजचं काम मी पाहिलेलं आहे. तलावावर काळी ताडपत्री, कारण उजेड लागला की शेवाळ धरतं. पाणी गार ठेवायचं, ठरावीक दिवसांनी बदलायचं. रबरी कपडे चढवून पाण्यात उतरायचं आणि प्रत्येक तुकड्यावरचा बुळबुळीत थर मऊ ब्रशने काढायचा. वास असा, की ती घरी आली की मांजरसुद्धा उठून दुसऱ्या खोलीत जायचं. गावात तिला लाकूडबाई म्हणायचे. तिच्या तोंडावरही म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

बहिणीला घरात आम्ही मासोळी म्हणतो. चालायला लागायच्या आधी ती पोहायला लागली असं आमची आई सांगायची. तलाव गेल्यावर ती काही दिवस समुद्रात पोरांना नेत होती, पण आमचा समुद्र वर्षातले बरेच महिने थंड आणि खवळलेला, आई-बाप घाबरायचे. मग तिने शाळेचं सभागृह घेतलं.

नणंद-भावजयींमध्ये उघड भांडण कधी झालं नाही. मासोळी जेवायला आली की दोघी हवापाण्यावर बोलायच्या, आणि हवा सोडून पाण्यावर विषय आला की मी कुणाला तरी वाढायला उठायचो. पण एका रविवारी मासोळी तिला म्हणाली, "वहिनी, तू एकदा माझ्या वर्गाला ये. काही बोलायचं नाही, फक्त बघून जा."

ही गेली. मीही गेलो, कारण दोघींमध्ये कुणीतरी असावं असं मला वाटलं.

सभागृहात बाकं ओळीने मांडली होती. प्रत्येक बाकावर एक पोर पालथं पडलेलं, पोट बाकावर आणि हातपाय हवेत. मासोळी शिट्टी वाजवायची आणि सगळी पोरं हवेत हात मारायची, पाय झाडायची, तोंड एका बाजूला वळवून श्वास घ्यायची. इतकं नीट आणि इतकं मन लावून चाललं होतं, की मला आधी हसू आलं आणि मग हसवेना. पहिल्या बाकावरच्या मुलीने शिट्टी थांबल्यावर विचारलं, "बाई, मला आता येतं ना पोहायला?" मासोळीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अर्धं येतं."

परत आल्यावर घराच्या पायऱ्या चढताना बायको एवढंच म्हणाली, की उरलेलं अर्धं माझ्या तलावात आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिने लाकडांची नव्याने तपासणी सुरू केली. तपासायची पद्धत साधी आहे. मूठ लावलेली एक बारीक पोलादी सुई ठरावीक जोराने लाकडात दाबायची. जितकी आत जाईल तितकं लाकूड मऊ झालंय. मी दुकान बंद करून तिला घ्यायला गेलो तेव्हा ती तलावाच्या काठावर बसली होती आणि सुई पुन्हापुन्हा एकाच तुकड्यात घालून बघत होती. ओल्या साबणात जावी तशी सुई जात होती. गेल्या वर्षी एवढी जात नव्हती. पाण्यातल्या हवेवर जगणारे जंतू लाकूड आतून खात होते आणि ती वरून ब्रश फिरवत होती.

नगरपालिकेचं म्हणणं होतं की पुढच्या उन्हाळ्याआधी तलाव रिकामा करा, लाकडं एखाद्या गोदामात ठेवा. गोदामात म्हणजे वाळवणच. तलावात ठेवावं तरी मरण, बाहेर काढावं तरी मरण.

मार्ग तिला त्या तपासणीतूनच सुचला. जहाज वर काढताना त्याच्या तळाच्या कण्याचं एक टोक जुन्या धक्क्याच्या दगडी भिंतीखाली गेलं होतं. भिंत पाडल्याशिवाय ते निघालं नसतं, म्हणून सरांनी तिथे कापून बाकीचं खाली सोडलं होतं. त्याचं त्यांना अजूनही वाईट वाटायचं. बायकोला बघायचं होतं की त्या मागे राहिलेल्या लाकडाचं आज काय झालंय. गाळात हवा नसते. हवा नाही तिथे जंतू नाहीत, लाकूड पोखरणारे समुद्री किडेही नाहीत.

पाण्याखाली एकटीने जायची परवानगी नसते. जोडीदार लागतो. बंदरातले पाणबुडे दुसऱ्या कामात अडकलेले होते, आणि ते सोडले तर गावात पाण्याखाली उतरायचा परवाना असलेली आणखी एकच व्यक्ती होती. बायकोने मासोळीला फोन केला. मासोळीने कारण विचारलं नाही. किती वाजता, एवढंच विचारलं.

मी बोटीत दोर धरून बसलो. तिथलं पाणी इतकं गढूळ, की दोघी खाली गेल्या आणि हातभर अंतरावर दिसेनाशा झाल्या. नंतर मासोळीने सांगितलं की खाली काही दिसतच नव्हतं. वहिनी हाताने गाळ उपसत होती, मी तिचा पट्टा धरून होते, आणि एका क्षणी तिने माझा हात ओढून लाकडावर ठेवला. घट्ट होतं, म्हणाली, आपल्या दाराच्या चौकटीसारखं.

त्यांनी वीतभर तुकडा कापून गाळासकट पिशवीत घालून वर आणला. बायकोने बोटीतच सुई दाबली. सुई थोडी शिरली आणि थांबली. तिने सगळा जोर लावला, तरी पुढे जाईना. मासोळी मुखवटा वर करून बघत होती. मी बायकोला विचारलं की याचा अर्थ काय, तर ती म्हणाली, "आपण जे मागे टाकून आलो ना, तेवढंच शाबूत राहिलंय." मग तिने तोंडावरून पाणी निपटलं आणि म्हणाली, की जहाज परत गाळात ठेवायचं.

हे ठरवायला तिला क्षणभरच वेळ लागला असेल. पटवायला मात्र अख्खा हिवाळा गेला.

सगळ्यात अवघड होते सर. ते बंदरासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. ती दोन बादल्या घेऊन गेली, एकीत तलावातला तुकडा, दुसरीत गाळातला. जिने चढायला मी बरोबर होतो, म्हणून जे झालं ते माझ्या समोर झालं.

तिने सांगायला सुरुवात केली तसे सर उभे राहिले. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "मी वर काढलेलं तू खाली घालणार. आणि ते मला विचारायला आली आहेस की सांगायला?"

"सांगायला," ती म्हणाली. "पण तुम्ही आधी हात लावून बघावं असं वाटलं."

त्यांनी बराच वेळ बादल्यांकडे पाहिलं नाही. त्यांनी मला चहा विचारला, माझ्या दुकानाची चौकशी केली, स्वतःचा चष्मा पुसला. मग खुर्ची पुढे ओढली, सुई मागितली. तलावातल्या तुकड्यात त्यांनी ती एकदाच घातली. गाळातल्यात तीन-चार ठिकाणी घालून पाहिली.

"हे टोक ओढून काढायचं म्हणून मी किती भांडलो होतो," ते म्हणाले. "म्हणजे मी तिला हात लावायलाच नको होता." जहाजाला ते दोघं नेहमी 'ती' म्हणायचे.

"सर, तुम्ही हात लावला नसता तर त्या यंत्राने तिचा भुगा केला असता. तेव्हा वर काढणं म्हणजेच वाचवणं होतं. आता वेगळं आहे. आता मी तिला हातात धरून बसले तर ती माझ्या हातातच संपेल."

सरांनी होकार दिला नाही. ते खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून म्हणाले, की मी विरोध करणार नाही, पण मला यात ओढू नका. जिना उतरताना बायकोचे डोळे भरले होते. खाली रस्त्यावर आल्यावर तिने नाक शिंकरलं आणि मला विचारलं, की गाळ काढणारी छोटी बोट भाड्याने कुठे मिळते.

गावाची सभा झाली तेव्हा लोक तिच्यावर तुटून पडले. वर काढताना एवढा गाजावाजा, आता परत खाली? एक निवृत्त कप्तान म्हणाला, की पहिल्यांदा बुडाली ती वादळाने, दुसऱ्यांदा बाई तुम्ही बुडवणार. सगळे हसले. ही शांतपणे म्हणाली, "बुडवणं वेगळं, पुरणं वेगळं. मी तिला ठेवायला नेतेय. आपल्यापेक्षा हुशार माणसं पुढे येतील, त्यांच्याकडे टाक्या असतील, तेव्हा त्यांना ती सापडायला हवी." आणि मग तिने ठेवायचं कसं, हे सांगायला घेतलं. लोकांना ते इतकं बारीकसारीक सांगितलं, की शेवटी शेवटी ते विरोध विसरून प्रश्न विचारायला लागले. मासोळी मागच्या रांगेत होती. ती एक शब्द बोलली नाही. तलाव परत मिळणार म्हणून भावजयीची बाजू घेते असं कुणी म्हणायला नको, असं तिने मला नंतर सांगितलं.

जुन्या लाटरोधक बांधाच्या आत एक शांत खाडी आहे, जिथे बोटींची वर्दळ नाही. तिथे गाळात लांब चर खणायचं ठरलं. इकडे तलावावर प्रत्येक तुकड्याची सगळ्या बाजूंनी संगणकावर प्रतिमा घेतली गेली, म्हणजे जहाज डोळ्याआड झालं तरी त्याची रेघन् रेघ अभ्यासता येईल. प्रत्येकाला न गंजणारा बिल्ला लावला, कापडात गुंडाळलं. हे करताना बायको इतकी बारीक झाली, की तिचे रबरी कपडे माझ्या पट्ट्याने आवळावे लागले. पोरांचे आई-बाप सुट्टीच्या दिवशी हात द्यायला येऊ लागले. बाकावरच्या त्या मुलीची आई कापड कापायला बसायची. जहाजाबद्दल तिने कधी काही विचारलं नाही. कडा सरळ यायला हव्यात, एवढीच तिची अट होती.

तुकडे तराफ्यावरून न्यायचे, पट्ट्यांवर तोलून चरात सोडायचे, पाणबुड्यांनी खाली जागेवर लावायचे. बरगड्या बरगड्यांच्या क्रमाने, फळ्या फळ्यांच्या. पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग वारा फिरला, खाडीत लाटा शिरल्या आणि अर्ध्याहून जास्त चर ढासळून बुजला. बंदराच्या अधिकाऱ्याला भाड्याने दिलेली गाळ काढणारी बोट आता दुसरीकडे हवी होती. तो म्हणाला, की बाई, आता उरलेलं एका ढिगात सोडून द्या, गाळ तो गाळच. वाईट माणूस नव्हता तो, दमला होता. आम्ही सगळेच दमलो होतो. मीही मनात म्हटलं, की सोडून दे आता.

ती त्याला म्हणाली, "ढिगात टाकलं तर ते सरपण. क्रमाने ठेवलं तर जहाज. मी पुन्हा खणते." आणि खरंच पुन्हा खणायला लागली. बोट नव्हती तेव्हा ती आणि पाणबुडे पाण्याखाली पंपाच्या नळीने गाळ ओढत राहिले. मासोळी रोज वर्ग संपवून यायची आणि थेट पाण्यात उतरायची. थंडीने दोघींचे ओठ निळे पडायचे. मी थर्मासमध्ये गरम सूप भरून धक्क्यावर बसायचो. माझ्याकडून एवढंच होण्यासारखं होतं.

एका सकाळी एक लांब फळी पट्ट्यावरून घसरली आणि तराफ्याच्या कडेवर आपटून दुभंगली. मोठा आवाज नाही झाला, भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा आवाज. बायको तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. मग तिने दोन्ही भाग जुळवून बघितले, आधाराला खालून पाट्या लावल्या, कापड घट्ट बांधलं, आणि पुढचा तुकडा आणायला सांगितला.

कण्याचा मोठा भाग शेवटी ठेवला होता. त्या दिवशी धक्क्यावर सर आले. काठी टेकत आले आणि आल्या आल्या रागावले: पट्टे चुकीच्या जागी बांधलेत, वजन सगळं मागे जातंय, मी तुला हेच शिकवलं का? बायकोने वाद घातला नाही. पट्टे सोडून त्यांनी सांगितलं तिथे बांधले. सर खुर्चीवर बसून सगळ्यांना बोलत राहिले, मलाही बोलले, मी तर नुसता उभा होतो. कणा तराफ्यावरून उचलला गेला, आडवा तोलला, आणि काळ्या पाण्यात उतरू लागला तेव्हा मात्र त्यांनी तोंड फिरवलं. बायको त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. त्यांना ते आवडलं नसतं. खालून पाणबुड्याने दोर दोनदा ओढला, म्हणजे कणा जागेवर बसला, तसं तिने त्यांना हळूच सांगितलं. सर म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "गाळ लगेच टाक. वाट बघू नकोस." आणि घरी गेले.

चर भरला. वर वाळूच्या पिशव्या आल्या, त्यावर जाड कापड, त्यावर पुन्हा गाळ. बाजूला काही छोटे नमुने पुरले, दर वर्षी एकेक काढून बघायला. पाण्यावर खुणेचा तरंगतं पिंप सोडलं. लांबून बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही.

तलाव घासून स्वच्छ व्हायला वेळ लागला, वास जायला त्याहून जास्त. तो उघडला त्या सकाळी पोरांनी इतका कल्ला केला, की मासोळीची शिट्टी कुणाला ऐकू येईना. बायको काठावर येऊन उभी राहिली, पण फार वेळ नाही. रिकामं निळं पाणी बघून तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही. तिने मासोळीला विचारलं, की पाणी फार गार तर नाही ना. मासोळी म्हणाली, "वहिनी, तुझ्या खाडीपुढे हे कोमट आहे." दोघी हसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या घरी फोन आला. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका गावातला मासेमार होता. नांगर उचलताना त्याला कोरीव फळी अडकून वर आली होती, आणि खाली आणखी बरंच काही असावं असा त्याचा अंदाज होता. गावातली माणसं ते ओढून काढायला क्रेन मागवायच्या विचारात होती. बायको उभ्यानेच बोलत होती. तिने त्याला सांगितलं की ती फळी समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत ठेवा, आणि खालच्या कशालाही हात लावू नका. तो काहीतरी म्हणाला असावा, की मग उपयोग काय, कारण ती म्हणाली, "काढायचं की नाही ते बघून ठरवू. आधी झाकू या. मी निघालेच."

फोन ठेवून तिने मला गाडीची किल्ली कुठे आहे ते विचारलं आणि मासोळीला बोलवायला दाराबाहेर पडलीसुद्धा.